गिअरचे गुणोत्तर आणि डिझेलचा हिशेब

मोठ्या डिझेल एसयूव्हीत इंजिनाचे फेरे चाकापर्यंत पोहोचताना दोनदा बदलतात. पहिला बदल गिअरबॉक्समध्ये होतो आणि तो चालकाच्या हातात असतो. दुसरा ॲक्सलवरच्या डिफरन्शियलमध्ये होतो. गॅरेजच्या भाषेत क्राउन-पिनियनमध्ये. तो कारखान्यातच ठरून येतो. क्राउनला ४३ आणि पिनियनला ११ दाते असले की हे गुणोत्तर सुमारे ३.९ येते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी पिनियनला जवळजवळ चार फेरे घ्यावे लागतात.

पुढचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. ७८ सेंमी व्यासाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४०८ वेळा फिरते. ताशी १०० किमी वेगाला हे मिनिटाला ६८० फेरे झाले. डिफरन्शियल ३.९ चे आणि टॉप गिअर ०.८५ चा असेल, तर इंजिन मिनिटाला सुमारे २,२५० फेरे घेते. टॉप गिअर ०.७० चा केला, की त्याच वेगाला तेच इंजिन १,८५० च्या आसपास येते.

फेरे कमी झाले म्हणून गाडी ओढायचे काम कमी होत नाही. अडीच टनांची चौकोनी गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किमीने नेताना हवेचा आणि टायरचा विरोध मोडण्यासाठी साधारण ३० किलोवॅट, म्हणजे चाळीसेक अश्वशक्ती, लागते. गिअर कोणताही असो, तेवढी द्यावीच लागते. फरक पडतो तो इंजिनाच्या स्वतःच्या खर्चात. पिस्टन आणि रिंगांचे घर्षण, बेअरिंग, तेलाचा पंप, उच्च दाबाचा डिझेल पंप हे सगळे प्रत्येक फेऱ्याला आपला वाटा घेतात. फेरे कमी झाले की हा वाटा घटतो, आणि प्रत्येक फेऱ्यावरचा भार वाढल्यामुळे इंजिन आपल्या किफायतशीर टापूकडे सरकते. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांचा हा टापू १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या आसपास, बऱ्यापैकी भाराखाली असतो.

इथे डिझेल आणि पेट्रोल यांच्यातला भेद लक्षात घ्यावा लागतो. पेट्रोल इंजिन हलक्या भारावर अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढते आणि त्यात बरीच शक्ती वाया घालवते. डिझेलमध्ये शक्तीचे नियंत्रण मुळात इंधनाच्या मात्रेने होते, त्यामुळे हा तोटा फारसा नसतो. म्हणूनच टॉप गिअर बदलून मिळणारा लाभ डिझेलमध्ये तुलनेने माफक असतो. वरच्या उदाहरणात फेरे १८ टक्क्यांनी घटतात, पण डिझेलची बचत फार तर त्याच्या निम्म्यापर्यंत जाईल. ‘एक गिअर जास्त असता तर ॲव्हरेज कुठल्या कुठे गेले असते’ ही मालकांची नेहमीची तक्रार या हिशेबात पुरती टिकत नाही.

ही तक्रार सर्वांत जास्त ऐकावी लागली ती टोयोटाच्या लँड क्रूझर ७० मालिकेला. १९८४ पासून चालत आलेल्या या गाडीत ऑस्ट्रेलियासाठी २००७ मध्ये साडेचार लिटरचे व्ही-८ डिझेल इंजिन आले. ४३० न्यूटन-मीटरचा जोर ते अवघ्या १,२०० फेऱ्यांपासून देत असे. इतक्या खाली जोर देणाऱ्या इंजिनाला जोडलेला गिअरबॉक्स मात्र पाचच गिअरचा होता, आणि त्याची गुणोत्तरे खडकाळ वाटांचा आणि ओझ्याचा विचार करून ठरवलेली. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या शेकडो किलोमीटर सरळ रस्त्यांवर हे इंजिन विनाकारण जास्त फिरत राही. २०१६ मध्ये दुसऱ्या आणि पाचव्या गिअरची गुणोत्तरे बदलून फेरे कमी केले गेले. त्याच वेळी इंजेक्टर बदलले आणि धुरासाठी फिल्टरही बसवला, त्यामुळे सुधारणेचे सगळे श्रेय गिअरला देता येत नाही. या व्ही-८ चा अधिकृत आकडा १०० किमीला १०.७ लिटर, म्हणजे लिटरमागे ९.३ किमी. २०२३ मध्ये सोबतीला आलेल्या २.८ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाचा, सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह, आकडा ९.६ लिटर आहे. तिथेही लहान इंजिनाचे कमी घर्षण हा हिशेबातला मोठा भाग आहे.

थोरल्या लँड क्रूझरमध्ये २०० मालिकेचे सहा गिअर ३०० मालिकेत दहा झाले आणि खप ९.५ वरून ८.९ लिटरवर आला. मधल्या काळात व्ही-८ जाऊन ३.३ लिटरचे व्ही-६ आले होते आणि वजनही घटले होते. गिअर वाढवण्याचा खरा उपयोग असा की पहिला गिअर ओढीचा ठेवूनही शेवटचा निवांत ठेवता येतो आणि मधल्या पायऱ्या जवळजवळ राहतात. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर लॉक होणेही तितकेच महत्त्वाचे. तो घसरत राहिला तर डिझेल तेल तापवण्यात जाते.

फेरे हवे तितके खाली नेता येत नाहीत. टर्बोला पुरेशी हवा देता येत नाही इतके इंजिन खाली गेले, की जास्तीचे इंधन काजळीत जाते, गाडी थरथरते, फिल्टर लवकर भरतो. मागे कॅरव्हॅन जोडली की ऑस्ट्रेलियातले चालक टॉप गिअर सोडून देतात. हवेचा विरोध तर वेगाच्या वर्गाने वाढतो: समृद्धी महामार्गावर ताशी १०० ऐवजी १२० किमीने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि टॉप गिअरने वाचवलेले सगळे त्यात सहज जाते.

मोठे टायर बसवणे म्हणजे नकळत गिअर बदलणेच. व्यास दहा टक्क्यांनी वाढला की इंजिनाचे फेरे घटतात, पण टायरचे वजन, रुंदी आणि गाडीची वाढलेली उंची तो फायदा खाऊन टाकतात. शिवाय ओडोमीटर ११ किमीला १० च दाखवतो, म्हणून ॲव्हरेज प्रत्यक्षाहून वाईट दिसते. गेलेली ओढ परत आणायला ४.३ चे क्राउन-पिनियन बसवतात. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ते पुढे आणि मागे दोन्हीकडे बदलावे लागते.

उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचते ही समजूत घाटातून जाणाऱ्या अनेक चालकांची असते. जुन्या यांत्रिक पंपांच्या काळातही ती धोक्याचीच होती. आजच्या कॉमन-रेल इंजिनात तर गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते, आणि कसाऱ्यासारख्या उतारावर अडीच टनांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.