ग्लुटेनमुक्त पीठ : लेबलावर खरे तेच छापा

ज्वारी, बाजरी, नाचणीचे पीठ पिशवीबंद करून विकण्याचा जोडधंदा आपल्यापैकी अनेकजण करतात. पिशवीवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापले की माल खपतो. परंतु या शब्दावर एखाद्या रुग्णाचे आरोग्य अवलंबून असते, हे ध्यानात ठेवावे.

ग्लुटेन हे गहू, जव (सातू) व राय या धान्यांतील प्रथिन होय. त्यामुळे कणीक चिकट होते व ताणली जाते. ज्वारीत ते नसते, म्हणून भाकरी थापावी लागते. सिलियाक या विकारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. अन्नरस नीट शोषला जात नाही, रक्तक्षय होतो, मुलांची वाढ खुंटते. ग्लुटेन आहारातून जन्मभर वर्ज्य करणे हाच यावर उपाय आहे. असा रुग्ण लेबल वाचूनच खरेदी करतो.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गव्हाच्या पिठात साधारण ८ ते १० टक्के ग्लुटेन असते. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ अवघे एक ग्रॅम मिसळले, तरी ग्लुटेन ८० ते १०० मिलिग्रॅम होते. ही मर्यादेच्या चौपट-पाचपट मात्रा झाली! गव्हाच्या दळणानंतर त्याच गिरणीत ज्वारी दळल्यास एवढी भेसळ नकळत होऊ शकते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. गव्हानंतर मळणीयंत्र, खळे व चाळण्या स्वच्छ कराव्यात. गव्हाची जुनी पोती वापरू नयेत.

२. दळणासाठी स्वतंत्र गिरणी ठेवावी. केवळ झटकून गिरणी पूर्ण स्वच्छ होत नाही.

३. पापड, चकलीच्या भाजणीत घातलेला हिंग तपासावा. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.

४. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी केल्याशिवाय ‘ग्लुटेनमुक्त’ छापू नये.

५. सर्व घटक ठळक मराठीत लिहावेत. गहू असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.

स्वतंत्र गिरणी नसेल, तर ‘ज्वारीचे पीठ, गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीत दळलेले’ असे सरळ छापावे. निरोगी गिऱ्हाईक ते पीठ घेईलच, आणि रुग्ण वेळीच सावध होईल.