हनुसंधि अर्थात् जबड्याचा सांधा

गुडघा दुखूं लागला म्हणजे मनुष्यास गुडघ्याची आठवण होते आणि कंबर धरली म्हणजे कंबरेची. परंतु पहांटेच्या पहिल्या जांभईपासून रात्रीच्या शेवटच्या शब्दापर्यंत ज्याच्याकडून आपण काम करून घेतों, त्या जबड्याच्या सांध्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. संस्कृतांत यास हनुसंधि म्हणतात. मारुतिरायाच्या नांवांतील ‘हनु’ म्हणजे हाच जबडा. आमचा तर सारा चरितार्थ, शिक्षकाच्या पेशामुळें, याच सांध्यावर चालला. त्याची रचना ठाऊक नसल्यामुळें घरोघर जे उलटे उपचार होतात ते आम्हीं पाहिले आहेत. म्हणून त्याची ओळख वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक लहानसा प्रयोग करावा. दोन्ही तर्जनींचीं अग्रें दोन्ही कानांच्या अगदीं पुढें हलकेच टेकवून तोंड सावकाश उघडावें. आरंभीं बोटांखालीं कांहींतरी जागच्या जागीं फिरल्यासारखें वाटेल. नंतर मोठा आ वासला कीं तेंच पुढें सरकून त्याच्या मागें खळगा पडल्याचें कळेल. फिरणें आणि सरकणें या दोन क्रियांतच या सांध्याचें सारें मर्म आहे.

खालचा जबडा हें घोड्याच्या नालाच्या आकाराचें एकच हाड आहे. त्याचीं दोन्ही टोकें कानाकडे वर चढतात आणि प्रत्येकाच्या शेवटीं एक लांबट गोल मुंड असतें. हें मुंड कानशिलाच्या हाडांतील एका खळग्यांत बसतें, आणि त्या खळग्याच्या पुढें एक उंचवटा असतो. हाडावर हाड घांसूं नये म्हणून मधें एक चिवट चकती घातलेली आहे. ती मध्यभागीं पातळ व कडांस जाड असते. या चकतीमुळें एकाच सांध्याचे दोन मजले होतात. खालच्या मजल्यांत मुंड बिजागरीप्रमाणें फिरतें, आणि तेवढ्यानें तोंड सुमारें २० ते २५ मिलिमीटर उघडतें. त्यापुढें उघडावयाचें तर वरच्या मजल्यांत चकती व मुंड हीं दोन्ही मिळून उंचवट्याच्या उतरणीवरून पुढें व खालीं सरकतात. पेटीचें झांकण उघडतां उघडतां बिजागरीच पुढें सरकावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय हाड एकच असल्यामुळें उजव्या सांध्यास डाव्याची संगत सोडतां येत नाहीं. डाव्या बाजूनें घांस चावतांना डावें मुंड बहुतेक जागींच फिरतें आणि उजवें पुढें मागें सरकतें. एका जुवाखालच्या बैलजोडीसारखी ही जोडी आहे. एक अडला कीं दुसऱ्याची चाल बिघडते.

आपल्या पूर्वजांचें लक्ष या सांध्याकडे गेलें होतें. सुश्रुतानें शरीरांत २१० सांधे गणून त्यांचे आठ प्रकार केले, त्यांत जबड्याच्या सांध्यास ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याची चोंच, असें नांव दिलें. हातपाय, कंबर आणि जबडा येथील सांधे तेवढे हालते, बाकीचे स्थिर, असेंही तो सांगतो. उच्चारशास्त्रानेंही यास सोडलें नाहीं. तैत्तिरीय प्रातिशाख्यांत कवर्गाचें स्थान हनुमूल असें सांगितलें आहे.

आतां या रचनेंतूनच उद्भवणारें संकट पाहूं. मोठी जांभई देतांना किंवा दांतांच्या डॉक्टरकडे फार वेळ आ वासून बसल्यानें मुंड कधीं कधीं उंचवटा ओलांडून पलीकडे उतरतें. मग जबडा मिटविणारे बळकट स्नायु आंखडून त्यास तेथेंच वर खेंचून धरतात आणि तोंड उघडें तें उघडेंच राहतें. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंची अशीच अवस्था झाली. शेजारच्या मंडळींनीं हनुवटी वर ढकलण्याचा सपाटा लाविला. बाईंस बोलतां येईना, लाळ गळूं लागली, डोळ्यांस पाण्याची धार लागली. डॉक्टर आले, त्यांनीं आंगठ्यांस कापड गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवले, जबडा आधीं खालीं दाबला, मग मागें लोटला. क्षणांत तो जागीं बसला. कारण उघड आहे. उंचवटा मधें असतां नुसतें वर ढकलून काय होणार? आधीं खालीं उतरल्यावांचून मागें वाट नाहीं.

हें ज्ञान नवें नव्हे. इ. स. पूर्वीं १६०० च्या सुमारास नकललेल्या, एडविन स्मिथच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तमधील पपायरसांत अशा जबड्यावर आंगठ्यांचा उपाय सांगितला आहे. चरकसंहितेंत वातव्याधींच्या अध्यायांत, तोंड उघडें राहिलें असतां प्रथम शेक देऊन आंगठ्यांनीं दाबावें व तर्जनींनीं हनुवटी उचलावी, असें आहे. तथापि हें वाचून कोणीं घरीं हात घालूं नये. हनुवटीस खालून हलका आधार देऊन रोग्यास तत्काळ डॉक्टरकडे न्यावें. ज्याचा जबडा एकदां निसटला त्यानें पुढें कांहीं आठवडे मोठा आ वासूं नये, आणि जांभई येतांच हनुवटीखालीं मूठ धरावी.

दुसरा घोटाळा दुखण्याच्या जागेचा. या सांध्याची वेदना कानांत, कानशिलांत किंवा दाढेंत जाणवते. त्यामुळें कोणी कानांत तेल घालतो, तर कोणी निरोगी दाढ उपटून घेतो. तोंड उघडतांना नुसता ‘टक्’ असा आवाज होत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा चिंतेचें कारण नाहीं. चकती थोडी पुढें सरकलेली असून ती जागीं येतांना तो आवाज होतो. दुखत असल्यास मऊ अन्न, ऊन शेक, आणि ओंठ मिटलेले पण दांत एकमेकांवर न टेकलेले, एवढा नेम पाळावा. दांत एकमेकांस लागावयाचे ते चावतांना व गिळतांना. चिंतेंत किंवा झोंपेंत ते आवळून धरल्यास सांध्यास विसावा मिळत नाहीं. मात्र श्रम करतांना जबडा दुखूं लागून छातींत दडपण वाटल्यास तो हृदयाचा इशारा समजून त्वरा करावी.

शेवटीं एक सोपी कसोटी. निरोगी मोठ्या मनुष्याचें तोंड सुमारें ४० ते ५० मिलिमीटर उघडतें, म्हणजे स्वतःचीं तीन बोटें उभीं आंत मावतात. जखमेनंतर थोड्या दिवसांत तोंड आवळूं लागलें तर धनुर्वाताची शंका घेऊन रुग्णालय गांठावें. महिन्यामहिन्यानें तोंड कमी कमी उघडूं लागलें, तिखट सोसेना, आणि सुपारीचें व्यसन असलें, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आंतील त्वचा कठीण होत चालल्याचा संभव असतो. अशा गालांत पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुपारीस कर्करोगजनक ठरविलें आहे. जेवणानंतर सुपारीचें खांड पुढें करणें ही आपल्या घरांतील जुनी रीत. तिच्याऐवजीं बडीशेप पुढें केल्यानें आतिथ्यास उणेपणा येत नाहीं. सुट्टीच्या दिवशीं घरांतील वडील मंडळींनीं स्वतःचीं तीन बोटें तोंडांत मावतात कीं नाहीं, हें एकदां अवश्य पाहावें.