पाच हजार नऊशे कोटींत नव्वद

गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी अडथळ्यावर सोडतात ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने. पुणे–मुंबई एक्स्प्रेस वेवर एवढ्या वेगाने मधल्या लेनमधून गेलात तर मागचा हॉर्न वाजवून हैराण करील. पण हाच वेग मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून पाहा. दर मिलिसेकंदाला गाडी पावणेदोन सेंटिमीटर पुढे जाते. पापणी एकदा लवायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात, आणि जोरदार धडक शंभर ते दीडशे मिलिसेकंदांत पहिल्यापासून शेवटपर्यंत आटोपलेली असते. काय झालं हे माणसाला उमगण्याआधीच सगळं होऊन गेलेलं असतं.

एअरबॅगवर काम करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. धडकेत प्रवाशाचं डोकं पाच इंच पुढे सरकेल तो क्षण काढायचा आणि त्यातून ३० मिलिसेकंद वजा करायचे, कारण पिशवी फुगायला साधारण तेवढा वेळ लागतो. उरतो तो निर्णयाचा वेळ. जोरदार धडकेत हा वेळ १५ ते २० मिलिसेकंद असतो. बाजूने धडक बसली तर तेवढाही मिळत नाही. दार आणि बरगड्या यांच्यात वीतभरच अंतर, त्यामुळे पाच-सहा मिलिसेकंदांत ठरवावं लागतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर बसवतात. पत्रा आत दबू लागला की त्या पोकळीतली हवा लगेच दाबली जाते आणि गाडीच्या मध्यावर बसवलेल्या, निर्णय घेणाऱ्या कंट्रोलरपर्यंत हादरा पुरता पोचण्याआधीच बातमी पोचते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस संशोधक ॲलन ब्रीड यांनी एअरबॅगसाठी केलेला सेन्सर म्हणजे नळीतली पोलादी गोळी आणि तिला धरून ठेवणारं चुंबक. हादरा पुरेसा मोठा असला की गोळी सुटून पुढे जाई आणि विजेचा संपर्क जोडला जाई. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीची एडीएक्सएल५० ही चिप आली आणि गोळीच्या जागी सिलिकॉनची तुळई आली. तिचं वस्तुमान एका ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाएवढं. मिठाचा बारीक कणसुद्धा तिच्यापुढे शेकडो पट जड. अशा चिपमध्ये ही तुळई एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी हलली तरी विद्युत धारकतेतल्या बदलावरून ते टिपता येतं. दीड टनाच्या गाडीचं काय झालं, हे एवढीशी तुळई सांगते. मला हे विज्ञानातलं मोठं आश्चर्य वाटतं.

हादरा जाणवणं हा मात्र कामाचा सोपा भाग आहे. मुंबई–गोवा महामार्गावर पावसाळ्यात चाक खड्ड्यात आदळलं की सेन्सरला तोही मोठाच धक्का वाटतो. समजा, तो गुरुत्वाकर्षणाच्या दहापट, म्हणजे दहा जी भरला आणि पाच मिलिसेकंद टिकला. गुणाकार केला तर गाडीच्या वेगात फरक पडला ताशी दोन किलोमीटरांहूनही कमी. वीस जीचा धक्का सत्तर मिलिसेकंद टिकला तर तोच फरक ताशी ४९ किलोमीटर. धक्क्याचं शिखर फक्त दुप्पट, पण वेगातला बदल अठ्ठावीस पट. म्हणून कंट्रोलर धक्क्यांची क्षणाक्षणाला बेरीज करत राहतो. अडचण एवढीच की बेरीज पुरी होईपर्यंत थांबायला त्याला सवड नसते. पहिल्या पंधरा मिलिसेकंदांच्या आकारावरून पुढच्या शंभरांचा अंदाज बांधायचा असतो.

आता एका गाडीचं आयुष्य घ्या. रोज एक तास, पंधरा वर्षं. त्याचे सेकंद होतात १ कोटी ९७ लाख. सेन्सरने सेकंदाला तीन हजार नोंदी घेतल्या असं धरलं तर ५,९१३ कोटी नोंदी. या काळात गाडीला एकच मोठी धडक बसली आणि तिचे पहिले ३० मिलिसेकंद निर्णायक मानले, तर कामाच्या नोंदी नव्वद. बाकी सगळ्या खड्ड्यांच्या, गतिरोधकांच्या, आपटलेल्या दारांच्या. त्या प्रत्येकीला यंत्राने गप्पच राहायचं असतं.

हे काम फोनकडे आल्यावर, म्हणजे धडक ओळखून त्याने मदतीसाठी आपोआप कॉल करायचा असं ठरल्यावर, ते आणखी अवघड झालं. मीटरभर उंचीवरून फरशीवर पडलेला फोन एका मिलिसेकंदात थांबला तर त्याला सुमारे ४५० जीचा धक्का बसतो, वरच्या धडकेच्या वीसपटीहून जास्त. एक खूण मात्र असते: पडताना जवळपास अर्धा सेकंद तो वजनहीन असतो, गाडीत ठेवलेला फोन तसा नसतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयफोन १४ मध्ये २५६ जीपर्यंत मोजणारा सेन्सर होता. त्याच्या जोडीला जीपीएस, मायक्रोफोन आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर होता, कारण बंद केबिनमध्ये एअरबॅग फुगली की दाब एकदम वाढतो. दहा लाखांहून अधिक तासांच्या ड्रायव्हिंगच्या आणि अपघातांच्या नोंदींवर त्याला शिकवलं होतं, असं कंपनीने सांगितलं. दहा लाख तास म्हणजे एकशे चौदा वर्षं. तरीही ओहायोतल्या किंग्ज आयलंड पार्कच्या रोलर कोस्टरवरून आणि कोलोरॅडोच्या बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांच्या खिशांतून आपत्कालीन कक्षांत खोटे कॉल जात राहिले.

यात निष्काळजीपणापेक्षा संख्येचा हात मोठा आहे. असा फोन कल्पा, जो दहा हजार तासांच्या प्रवासात एकदाच चुकतो. रोज तासभर प्रवास करणाऱ्याला ही चूक सत्तावीस वर्षांत एकदा दिसेल. कोणीही म्हणेल, उत्तम. असे दहा कोटी फोन देशात असले तर रोज दहा हजार खोटे कॉल. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, म्हणजे दिवसाला १,२६४. यंत्राने खरा अपघात एकही सोडला नाही असं धरलं, तरी ११२ या आपत्कालीन नंबरवर येणाऱ्या अशा दर नऊ कॉलमागे खरा एकच. रात्री दोन वाजता तिथे कॉल घ्यायला बसलेल्याने नवव्यांदा ॲम्ब्युलन्स धाडावी ती कशाच्या भरवशावर?

२०२२ सालीच रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दिवसाला दोनशेहून जास्त. दुचाकीवर हे सगळं गणित नव्याने मांडावं लागतं, कारण भोवती पत्रा नाही, दाब वाढायला बंद केबिन नाही आणि स्टँडवरून आडवी झालेली रिकामी गाडी व ओल्या रस्त्यावर माणसासकट घसरलेली गाडी सेन्सरला काही क्षण सारखीच दिसू शकते. होंडाने २००६ साली गोल्ड विंग मोटरसायकलला एअरबॅग दिली, तेव्हा पुढच्या फोर्कवर चार सेन्सर बसवले होते. पण ती मोठी, महागडी मोटरसायकल. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांसाठी लागणाऱ्या नोंदी आयत्या मिळणार नाहीत. त्या इथल्याच रस्त्यांवर, भर पावसात, ट्रिपल सीट निघालेल्या स्कूटरला सेन्सर लावून गोळा कराव्या लागतील.