सोळाशेच्या पुढची धाव

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबात लांब पल्ल्याचं धावणं सोळाशे मीटरपासून सुरू होतं आणि बहुतेकांचं तिथंच संपतं. ढोकीच्या किंवा येरमाळ्याच्या रस्त्यावर पहाटे अंधारात पळणाऱ्या पोरांना विचारा, “भरती करतोय” एवढंच उत्तर मिळेल. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांची मैदानी चाचणी 50 गुणांची असते आणि त्यांतले 20 गुण एकट्या सोळाशेला असतात. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी. मुलींना 800 मीटर. सैन्यात हेच अंतर साडेपाच मिनिटांत काढलं की 60 गुण. अ‍ॅथलेटिक्सच्या भाषेत हा मध्यम पल्ला, पण घरचं सगळं गणित ज्याच्या पायांवर टाकलंय त्याला तो कमी वाटत नाही.

5 मिनिटं 10 सेकंद म्हणजे चारशेचा प्रत्येक राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांत. आता शेजारच्या बीड जिल्ह्यातलं एक उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2020 मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली. त्या वेगाचा हिशेब केला तर चारशे मीटरला एकोणसत्तर सेकंदसुद्धा लागत नाहीत. आपल्याकडं ज्या वेळेला पूर्ण गुण मिळतात त्याहून वेगानं एक माणूस तेरा सोळाशे लागोपाठ, न थांबता पळाला, आणि तो आला दुष्काळी आष्टीतून.

इथं वर्तमानपत्रांची एक आवडती गोष्ट येते. लहानपणी सहा किलोमीटर चालत शाळेत जायचा, म्हणून धावपटू झाला! मला हे पटत नाही. गरिबी आणि पायपीट यांनी पदकं मिळत असती तर निम्म्या मराठवाड्याच्या भिंतींवर ती लटकली असती. साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, आणि मग सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला. मध्ये वजन वाढलं होतं. ते जवळजवळ वीस किलोंनी उतरवलं. अमरीश कुमारांसारखा प्रशिक्षक भेटला. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुल रौप्य मिळालं, सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. 2023 ला हांगझोऊत आशियाई सुवर्ण. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं? दरमहा येणारा पगार, ठरलेला आहार, डॉक्टर, आणि पळणं हेच काम असलेले दिवस. नोकरी आधी आली, धावणं मागून.

असाच आधार इतरत्रही दिसतो. नाशिकच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत ओएनजीसीत होती. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य तिनं मिळवलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत होती. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. जिद्द सगळ्यांकडं होतीच, पण उद्याच्या जेवणाची चिंता मिटल्यावर जिद्दीला वळण लागलं.

कळंबचा पोरगा उलट्या बाजूनं निघालेला असतो. तो नोकरीसाठी पळतो आणि नोकरी लागली की बहुधा पळणं सोडतो. त्याच्या डोक्यावरचा ताणही वेगळा. ऑलिंपिकच्या धावपटूला शर्यतीची तारीख चार वर्षं आधी माहीत असते. कधी मैल वाढवायचे, कधी वेग, कधी विश्रांती, हे तो त्यावरून उलटं मोजत आखतो. आपल्या पोराला भरतीची जाहिरात कधी निघेल, मैदानी चाचणी कधी लागेल, पावसात होईल की उन्हात, काहीच ठाऊक नसतं. कोविडच्या काळात सैन्यभरती दोन वर्षं बंद राहिली. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि वयाची कमाल मर्यादा 21 ठरली. फक्त त्या वर्षापुरती ती 23 केली. दोन वर्षं रोज पळून ज्यांचं वय निघून गेलं त्यांनी कुणाशी स्पर्धा हरली म्हणायचं?

तारीख नसली की माणूस रोजच शर्यत पळतो. दुखण्यांचं मूळ मला इथं दिसतं. रोज जोर लावून, तेही डांबरावर आणि झिजलेल्या तळव्याच्या बुटांत पळायचं. मग नडगी धरते. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. तेल लावून, पट्टी बांधून पोरं पुन्हा पळतात आणि काहींच्या हाडाला बारीक चीर जाते. उपाय साधा आहे, फक्त तो भित्र्या माणसाला जमत नाही: आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळायचं, जोराचं काम एक-दोन दिवसच, आणि एक दिवस अजिबात नाही. विश्रांतीच्या दिवशी बाकीचे पुढं निघून जातायत असं वाटत राहतं. हे वाटणं सोसणं हाही सरावाचाच भाग. 

जमिनीचीही अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात बुटाला किलोकिलोनं चिकटते. म्हणून सगळे रस्त्यावर येतात, आणि उसाच्या हंगामात त्याच रस्त्यावर पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पाठीला चमकणारी पट्टी लावून समोरून येणाऱ्या वाहनांकडं तोंड करून पळावं, एवढं तरी भरतीच्या क्लासवाल्यांनी सांगायला हवं. खाण्याची मात्र इथं अडचण नाही. ज्वारीची भाकरी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी. डब्यातल्या महागड्या पावडरींपेक्षा हे बरं. भरतीच्या दिवसांत उत्तेजक इंजेक्शनांचाही बाजार भरतो. त्याच्या जवळपास फिरकू नये.

शर्यतीतलं डोकं तिसऱ्या राउंडला लागतं. पहिला राउंड पोरं गर्दीच्या भरात सत्तरच्या आत फुंकतात, तिसऱ्यात पाय जड होतात आणि सगळे गुण तिथंच गळतात. घड्याळ लावून सत्याहत्तरचा राउंड पायाला ओळखीचा करणं हे छाती फुटेस्तोवर पळण्यापेक्षा कठीण, कारण त्यात सुरुवातीला मागं राहावं लागतं.

मुलींचं आणखी निराळं. त्या अंधारात एकट्या निघू शकत नाहीत. त्यांचा सराव सोबतीवर, कुणाच्या तरी भावाच्या किंवा वडिलांच्या वेळेवर अवलंबून. त्यात मराठवाड्यातल्या बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन कमी. दम लागतो तो सरावाच्या कमीमुळं की रक्ताच्या, हे साध्या तपासणीत कळतं आणि ती सरकारी दवाखान्यात होते. तरी परभणीच्या ज्योती गवतेनं 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक काढला, म्हणजे वाट आहे.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी आधी पदक लागतं, आणि पदकापर्यंतची वर्षं कुणाच्या पैशानं काढायची याला तालुक्यात उत्तर नाही. पदकाच्या लायकीची पोरं मात्र भरतीच्या तयारीतच दिसतात. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीला पाच किलोमीटर पळावं लागतं. पाचच्या तयारीत ज्याचा वेग सहज वाढतो, जो शेवटीही मोकळा श्वास घेतो, असा एखादा पोरगा दर वर्षी कुठल्या तरी क्लासात असतोच. त्याची भरती झाली की क्लासच्या फलकावर फोटो लागतो. त्याची वेळ मात्र कुणी लिहून ठेवत नाही.