संगणकातील रुग्णनोंदी आणि आपत्काल

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात तळमजल्यावरील चिकित्सालयांत व औषधालयांत पाणी शिरले की औषधसाठ्याची हानी तत्काळ दिसते. संगणकातील रुग्णपत्रके, बॅचच्या नोंदी व हिशेब गेल्याचे वीज परत आल्यावरच उमगते. साठा पुन्हा विकत घेता येतो, दहा वर्षांची रुग्णपत्रके कोणत्याही घाऊक विक्रेत्याकडे मिळत नाहीत.

आमचे या विषयातील अज्ञान मात्र पुराविनाच उघडे पडले. विजेच्या चढउताराने चिकित्सालयातील संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली. रोज सायंकाळी नोंदींची प्रत आपोआप घेतली जात असल्याने आम्ही निर्धास्त होतो. ती उघडली, तेव्हा मागील सात महिन्यांच्या फाइली रिकाम्या निघाल्या. त्या दिवशी तीन रुग्णांचे आभ्यंतर स्नेहपान चालू होते. आदल्या दिवशीची मात्रा, जरणकाल, दिसलेली स्निग्ध लक्षणे, सारे त्या संगणकातच. दोघांची माहिती परिचारिकेच्या वहीत सापडली. तिसऱ्याचे स्नेहपान थांबवावे लागले. वर्धमान पिप्पलीचा एखादा रुग्ण असता तरी हीच अडचण आली असती.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ वा अध्याय अनागताबाधाप्रतिषेधाचा आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. स्वतःच्या संगणकाबाबत तो विचार आम्हांस सुचला नाही!

योजना आखताना प्रथम दोन गोष्टी ठरवाव्यात. संगणकाविना आपले काम किती काळ चालेल? आणि किती काळाच्या नोंदी गमावणे परवडेल? बाह्यरुग्ण विभाग एखादा दिवस कागदावर चालतो. पंचकर्म विभागास एका दिवसाची नोंद गमावणेही परवडत नाही. औषधालयात विक्रीच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भरता येतात. परंतु एखादी बॅच परत मागवण्याची वेळ आली आणि ती कोणास विकली हेच सापडेना, तर प्रश्न रुग्णाच्या सुरक्षिततेचा होतो. शिवाय जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे.

मूळ नोंदीसह एकूण तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर आणि त्यांपैकी एक वास्तूबाहेर, असा प्रचलित नियम आहे. त्याच कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क पुरात पहिलीबरोबरच बुडते. सतत जोडलेली डिस्कही पुरेशी नाही, कारण खंडणीसाठी नोंदी कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यापर्यंतही पोहोचतो. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्याने सर्व्हर बंद पडले व कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. यास्तव प्रत घेतल्यावर डिस्क काढून ठेवावी. वास्तूबाहेर जाणारी प्रत पासवर्डने बंद असावी आणि तो पासवर्ड आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा.

मुख्य पथ्य मात्र वेगळेच. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. चार रुग्णांची पत्रके व एका बॅचची विक्री संपूर्ण दिसते का, हे स्वतः तपासावे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आम्ही आता चालू पंचकर्म रुग्णांची मात्रानोंद रोज सायंकाळी छापून परिचारिकेच्या टेबलाच्या खणात ठेवतो.