पोराला बॅट घेताय? आधी उंची मोजा, मग खिसा

सात रस्ता, सोलापूर : शाळेला सुट्ट्या लागल्या की तालुक्यातले पालक पोरांना घेऊन सोलापूर गाठतात. कुणी कपड्याला, कुणी वह्या-पुस्तकाला, तर कुणी बॅट घ्यायला. सात रस्त्याजवळच्या एका खेळाच्या दुकानात परवा असाच एक प्रसंग घडला. तेरा वर्षांचा मुलगा, सोबत वडील. मुलगा आतापर्यंत गावात टेनिस बॉलवर खेळलेला, आता सीझन बॉलच्या सरावाला जाणार. वडिलांनी सरळ सांगितलं, "शेठ, मोठ्या माणसाचीच बॅट द्या. वाढतं पोरगं हाय, चार वर्सं तरी निघतील."

दुकानदारानं फुल साईजची बॅट मुलाच्या डाव्या हातात दिली आणि म्हटलं, "बाळा, एका हातानं समोर सरळ धर आणि दहापर्यंत मोज." सहा म्हणेपर्यंत बॅटचं टोक जमिनीकडं वळलं. दुकानदार वडिलांना म्हणाला, "मालक, चार वर्सं बॅट टिकंल, पण पोरगं खेळात टिकंल का?"

प्रश्न साधा आहे, पण बहुतेक पालक इथंच चुकतात. चप्पल, शर्ट वाढत्या मापाचा घेतला तर चालतं. बॅटचं तसं नाही.

जड बॅटनं काय बिघडतं?

सरळ बॅटनं खेळायचं काम वरच्या हाताचं असतं. म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा हात. बॅट जड झाली की हा हात तिला पेलत नाही, मग खालच्या हाताचा जोर लागतो. बॅट तिरकी येते, उशिरा येते, आणि प्रत्येक बॉल पायाकडं ओढायची सवय लागते. मनगट, कोपर, खांदा दुखायला लागतो तो वेगळाच. सरावात सारखा बोल्ड होणारा मुलगा "मला जमत नाही" म्हणून खेळ सोडतो. खरं तर दोष त्याच्यात नसतो, हातातल्या लाकडात असतो. वासराच्या मानेवर बैलाचं जू ठेवल्यावर ते चालणार कसं?

हा नियम फक्त क्रिकेटचा नाही. गोल्फच्या काठीची दांडीसुद्धा कमी-जास्त लवचिक मिळते. ज्याचा हात वेगानं फिरतो त्याला ताठ दांडी, आणि लहान मुलांना हलकी, जास्त लवणारी दांडी देतात. मोठ्या खेळाडूची ताठ दांडी पोराला दिली तर बॉल ना लांब जातो ना सरळ. सामान खेळणाऱ्याच्या ताकदीला जुळलं पाहिजे, हे सगळीकडं सारखंच.

उंचीप्रमाणं कोणता नंबर?

बॅटवर नंबर असतो. कंपनीप्रमाणं इंच-दीड इंचाचा फरक पडतो, पण साधारण हिशोब असा :

- उंची साडेचार फूट ते 4 फूट 9 इंच : 3 नंबर
- 4 फूट 9 ते 4 फूट 11 इंच : 4 नंबर
- 4 फूट 11 ते 5 फूट 2 इंच : 5 नंबर
- 5 फूट 2 ते 5 फूट 4 इंच : 6 नंबर
- 5 फूट 4 ते 5 फूट 6 इंच : हॅरो
- त्याच्या पुढं : शॉर्ट हँडल, म्हणजेच फुल साईज

वय बघू नका, उंची बघा. घरून निघतानाच भिंतीला उभं करून माप घ्या. मुलगा दोन नंबरांच्या सीमेवर असेल तर अंगानं धडधाकट असल्यास मोठा नंबर चालतो, किरकोळ असल्यास लहानच घ्या. एकापेक्षा जास्त नंबर पुढं कधीच जाऊ नका.

वजनाला नियमात मर्यादा नाही. लांबी 38 इंच आणि रुंदी सव्वाचार इंच यापेक्षा जास्त चालत नाही. 2017 पासून कडेची जाडी 40 मिलिमीटर आणि एकूण जाडी 67 मिलिमीटर अशी मर्यादा आली. फुल साईज बॅट साधारण अकराशे ते साडेबाराशे ग्रॅमची असते. सचिन तेंडुलकर याहून बरीच जड बॅट वापरायचा, हे खरं आहे. पण ती त्याची ताकद आणि त्याची सवय. त्याचं बघून तेरा वर्षांच्या पोराला जड बॅट देऊ नये.

नुसत्या काट्यावर जाऊ नका. एकाच वजनाच्या दोन बॅटपैकी एक हातात हलकी लागते, दुसरी जड. वजन कुठं साठलंय त्यावर ते ठरतं. म्हणून तीन-चार बॅट मुलाच्या हातात द्या, दुकानातच स्टान्स घेऊन फिरवायला लावा. आपल्याकडच्या मातीच्या पिचवर बॉल खाली राहतो, तिथं जाड भाग जरा खाली असलेली बॅट बरी पडते.

लाकूड कोणतं?

दोन प्रकार आहेत. काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो. काश्मीर विलो अनंतनाग, पुलवामा भागात तयार होते. ती थोडी कडक आणि जड, पण स्वस्त. इंग्लिश विलो मऊ, हलकी, बॉल जास्त उसळवणारी आणि महाग. नवीन शिकणाऱ्याला काश्मीर विलोची बरी बॅट पुरे. मुलगा वर्ष-दोन वर्षांत उंच होणार, बॅट बदलावीच लागणार. आता सात-आठ हजार घालण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी ठेवा. पांढरी दिसली म्हणजे इंग्लिश असं नाही. काश्मीर विलो ब्लीच करूनही पांढरी करता येते. पक्कं बिल मागा, बिलावर लाकडाचा प्रकार लिहून घ्या.

टेनिस बॉलची बॅट वेगळी असते. मागून कोरलेली, हलकी. ती सीझन बॉलवर वापरली की फुटते.

स्टिकर रन काढत नाही

माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भाला फेकायची. एप्रिल 2022 मध्ये तिनं नागालँडकडून अरुणाचल प्रदेशविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद 162 धावा ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. मार्च 2023 मध्ये महिला प्रीमिअर लीगमध्ये तिच्या बॅटवर कुठल्याच कंपनीचा स्टिकर नव्हता. पेननं 'एमएसडी 07' लिहिलेलं होतं, धोनीच्या नावानं. त्याच बॅटनं तिनं गुजरातविरुद्ध 53 धावा केल्या. महागड्या स्टिकरसाठी हट्ट धरणाऱ्या पोरांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि घरात पोरगी खेळत असेल तर तिलाही भावाची जुनी बॅट देऊ नका, तिच्या उंचीचीच घ्या.

सोलापूरला क्रिकेट नवीन नाही. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक करणारे पॉली उम्रीगर 1926 साली सोलापुरातच जन्मले. 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. अलीकडं सोलापूरच्याच अर्शिन कुलकर्णीनं 2024 च्या एकोणीस वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध 108 धावा काढल्या.

घरी आणल्यावर काय करायचं?

नवीन बॅट घेऊन लगेच मैदानात जाऊ नका. आपल्याकडं घाण्यावर मिळणारं कच्चं जवसाचं तेल फडक्यावर घेऊन बॅटचा पुढचा भाग, कडा, खालचं टोक आणि पाठीला हलकं चोळा. दांडा जिथं बसवलाय तो सांधा आणि स्टिकर सोडा. रात्रभर आडवी ठेवा. एक-दोन दिवसांनी दुसरा हात द्या. तेल थापू नका, बॅट जड होते. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल अजिबात नको. बॅटवर आधीच प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटवलेला असेल तर त्यावरून तेल लावण्यात अर्थ नाही.

त्यानंतर लाकडी हातोड्यानं किंवा मोज्यात घातलेल्या जुन्या बॉलनं हळूहळू ठोका. आधी हलकं, मग जोर वाढवत, रोज अर्धा तास. एकूण चार ते सहा तास ठोकणी झाली पाहिजे. कडा आणि टोक नीट ठोका, फुटते ती तिथंच. मग जुन्या बॉलवर सराव, शेवटी नवा बॉल.

सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बॅट ठेवली तर लाकूड वाळून चिरतं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर टेकवली तर टोक फुगतं. सावलीत, कोरड्या जागी ठेवा.

उरलेले पैसे कुठं घालायचे?

सात रस्त्याच्या त्या दुकानात शेवटी मुलाची उंची मोजली. पाच फूट पुरे व्हायला एक इंच कमी. पाच नंबरची काश्मीर विलो त्यानं एका हातानं धरून दहापर्यंत मोजलं, हात हलला नाही. मोठ्या बॅटसाठी आणलेल्या पैशातून पैसे उरले. वडिलांनी त्यातून हेल्मेट, ग्लोव्हज आणि गार्ड घेतलं. सीझन बॉल दगडासारखा लागतो. बॅट थोडी साधी चालेल, पण डोक्याला हेल्मेट नसेल तर पोराला मैदानात उतरवू नका.