बीड जुनं, हुकूम नवा

आकड्यांच्या हुकमावर चालणारं पहिलं मिलिंग मशीन कोऱ्या कागदावरून घडवलेलं नव्हतं. हेलिकॉप्टरची पाती नेमक्या आकारात कशी बनवायची, या खटपटीत असलेल्या जॉन पार्सन्स या अमेरिकी उद्योजकाला १९४९ मध्ये तिथल्या हवाई दलाचं कंत्राट मिळालं. त्यातून काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेत पोचलं. तिथल्या अभियंत्यांनी सिनसिनाटी कंपनीचं ‘हायड्रोटेल’ हे तयार मशीन घेतलं, त्याच्या अक्षांना सर्व्हो जोडले, निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटं उभी केली आणि छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवरून त्याला आज्ञा दिल्या. सप्टेंबर १९५२ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं. तयार मशीनला असं नवं नियंत्रण बसवण्याला आज आपण रेट्रोफिट म्हणतो, आणि त्यातूनच सीएनसीची, म्हणजे संगणकाच्या ताब्यातल्या मशीनची, वाट सुरू झाली.

भोसरीत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत आजही हाताने चालवायची मिलिंग मशीन दिसतात. टूलरूममध्ये ज्याला ‘एम-वन-टीआर’ म्हणतात, ते टरेट मिलिंग त्यात हमखास असतं. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ मध्ये आलेल्या मशीनची ही घडण पुढे जगभर पसरली. अशा मशीनचा सांगाडा बिडाचा. करड्या बिडात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या विखुरलेल्या असतात, त्या कटरची थरथर शोषून घेतात. हा गुण वयानुसार कमी होत नाही. म्हणून जुनं मशीन भंगारात काढण्याआधी त्याला संगणकाचा ताबा देता येईल का, हे पाहणं मला फार शहाणपणाचं वाटतं. मात्र या कामातला अवघड भाग मोटर आणि तारांचा नाही, लोखंडाचा आहे.

मशीनच्या अंगावर चुंबकी स्टँड बसवून डायल गेजचं टोक टेबलाला टेकवा. हँडल एका दिशेने फिरवा, मग उलटं. हँडल फिरतं, पण सुई काही काळ जागची हलत नाही. झिजलेल्या नटात स्क्रूला मिळालेली ही मोकळी जागा म्हणजे बॅकलॅश. हातात मुरलेला कारागीर नेहमी एकाच बाजूने मापावर येतो, त्यामुळे त्याचं काम अडत नाही. संगणकाला मात्र गोल कापायचा असतो. एका वर्तुळात एक्स अक्ष दोनदा उलटतो, वाय अक्ष दोनदा, आणि त्या चार ठिकाणी कडेवर पायरी उमटते. ही चूक सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरून भागवता येते, असं अनेकांना वाटतं. पण कटरची धार टेबलाच्या चालीच्याच दिशेने कापत असेल, तर कटर स्वतःच टेबल पुढे ओढून घेतो. फिरणं मोजणारा एन्कोडर मोटरवर बसवलेला असेल, तर कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय म्हणजे बॉल स्क्रू. त्यात स्क्रू आणि नट यांच्यामध्ये कडक गोळ्या गडगडत असतात आणि आधीच ताण दिलेला असल्याने मोकळी जागा जवळपास उरत नाही. घर्षणही कमी, दिलेल्या शक्तीपैकी सुमारे ९० टक्के कामी येते. पण या सुरळीतपणाची किंमत आहे. जुना स्क्रू घर्षणामुळे जागीच अडून राहतो, बॉल स्क्रू अडत नाही. वीज गेली की उभ्या अक्षाचं वजन खाली सरकू लागतं. म्हणून तिथे ब्रेकवाली मोटर लागतेच. यात काटकसर करू नये.

आता थोडं गणित. स्क्रूची पिच ५ मिलिमीटर आणि एन्कोडर २,५०० रेषांचा असेल, तर चौपट मोजणीने एका फेऱ्यात १०,००० ठोके मिळतात. म्हणजे एक ठोका अर्ध्या मायक्रॉनचा. पडद्यावर हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. ज्या मधल्या पट्ट्यात टेबल वर्षानुवर्षं फिरलं, तिथेच स्लाइड जास्त झिजते. स्लाइडमधला सैलपणा काढणारी पट्टी, म्हणजे जिब, मधल्या भागात घट्ट बसेल अशी आवळली, तर टेबल टोकांना जाम होतं. टोकांच्या मानाने सैल केली, तर मध्ये डुलतं. यावर कोणत्याही प्रोग्रामचा इलाज चालत नाही. फिटरने निळा रंग लावून उंच ठिपके शोधायचे, स्क्रेपरने ते खरवडायचे, पुन्हा रंग लावायचा. पैसे मोजकेच असतील, तर ते आधी या कामावर खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे.

कंट्रोलरचा प्रश्न त्यामानाने सोपा झाला आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत नव्वदच्या दशकात विकसित झालेल्या प्रणालीतून पुढे लिनक्ससीएनसी हे सर्वांसाठी खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते साध्या पीसीवर चालतं आणि साधारणपणे सेकंदाला हजार वेळा प्रत्येक अक्षाची जागा तपासून आज्ञा सुधारतं. त्यासाठी पीसी वेगवान असून भागत नाही, तो वेळ पाळणारा असावा लागतो.

सगळं जोडून झालं की ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर एक गोल कापावा आणि मायक्रोमीटरने त्याचा व्यास चार दिशांनी मोजावा. ४५ आणि १३५ अंशांवरचे व्यास वेगळे आले, तर दोन अक्ष एकमेकांशी काटकोनात नाहीत, असं समजावं. मग पीसी बंद करून पुन्हा टेबल उतरवायचं आणि स्लाइडपासून सुरुवात करायची.